फादर थॉमस स्टीफन्स : इंग्रज पाद्री, मराठी पुराण आणि दुभंगलेला गोवा



मराठीची थोरवी सांगायची वेळ आली की फादर स्टीफन्स यांचं नाव हमखास निघतं. मराठी राजभाषा दिन असो, भाषणस्पर्धा असो की फलकलेखन, एका परदेशी पाद्र्याने चारशे वर्षांपूर्वी मराठीची स्तुती केली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात आणि विषय तिथेच संपतो.

पण एखादं चौकस मूल विचारतं, की हा इंग्रज माणूस गोव्यात आला कशाला? त्याने मराठीत पुराण का लिहिलं? ते कुणासाठी लिहिलं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलात, तर एका माणसाच्या चरित्रातून गोव्याच्या इतिहासाचा मोठा तुकडा हाती लागतो. त्यात भक्ती आहे, तशी जबरदस्तीही आहे. देवळं पाडली गेली आणि त्याच भूमीत ओव्याही रचल्या गेल्या. म्हणून आज स्टीफन्स यांचं चरित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू या.

घर सोडलेला तरुण

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडमध्ये धर्माची मोठी उलथापालथ चालू होती. राणी एलिझाबेथच्या राज्यात प्रॉटेस्टंट पंथ हा राजमान्य धर्म होता आणि जुन्या कॅथलिक श्रद्धेने राहणाऱ्यांवर दंड, तुरुंग अशी संकटं येत होती. स्टीफन्स कॅथलिक होते. त्यांचा जवळचा मित्र थॉमस पाउंड याला धर्मापायी अटक झाली आणि त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात काढली. दोघांनी मिळून रोमला जायचं ठरवलं होतं, पण स्टीफन्स यांना एकट्यालाच जावं लागलं. १५७५ मध्ये ते रोम येथे येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात दाखल झाले.

ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा बरं का. स्वतःच्या श्रद्धेसाठी ज्याला देश सोडावा लागला, तोच माणूस पुढे अशा भूमीत जाणार होता, जिथे त्याच्याच धर्माचे राज्यकर्ते दुसऱ्यांना श्रद्धेपायी घर सोडायला लावत होते. या विसंगतीचं ओझं त्यांना कधी जाणवलं का, ते इतिहास सांगत नाही. वर्गात मात्र यावर मुलांना विचार करायला लावता येईल.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. साडेसहा महिन्यांचा प्रवास! या प्रवासाचं वर्णन त्यांनी गोव्यात पोचल्यावर वडिलांना पत्राने कळवलं. उडणारे मासे, भर समुद्रात दिशा आणि अंतर मोजण्याची अडचण, हिरड्या सुजवणारा रोग, दीडशेच्या वर आजारी पडलेली माणसं आणि त्यांतले मेलेले २७ जण, हे सगळं त्यात आहे. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचं नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा अजून एकवीस वर्षं अवकाश होता.

ते आले तेव्हा गोवा कसा होता?

हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही, म्हणून जरा थांबू या.

पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा बेट, म्हणजे तिसवाडी जिंकून घेतली. १५४३ मध्ये सासष्टी आणि बारदेश हे महालही पोर्तुगीजांकडे आले. राज्य आणि धर्मप्रसार ही दोन कामं त्यांच्या लेखी वेगळी नव्हती. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. सासष्टीत १५६७ मध्ये सुमारे २८० देवळं उद्ध्वस्त झाली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारं न्यायालय सुरू झालं आणि ते थेट १८१२ पर्यंत चाललं.

अशा वेळी सामान्य कुटुंबापुढे काय पर्याय होते, ते बघा. गोव्यातली गावं गावकरीवर चालायची. जमीन गावच्या मूळ घराण्यांची, सामाईक. गाव सोडलं तर जमीन गेली, मान गेला, वाडवडिलांची जागा गेली. गावात राहायचं तर नवा धर्म घ्यायचा. काहींनी भीतीने घेतला, काहींनी जमीन राखण्यासाठी, काहींनी सवलतींसाठी आणि काहींनी मनापासूनही घेतला. बाकीचे देवाची मूर्ती घेऊन रातोरात नदी ओलांडून गेले.

आज आपण सहलीला जातो ती फोंड्याकडची मोठी देवळं त्या स्थलांतराची साक्ष आहेत. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीला होतं, तिथून देव प्रियोळला आला आणि त्या जागेला मंगेशी म्हणू लागले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे हिंदू देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात! धर्माचा इतिहास सरळ रेषेत जात नाही, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

एकाच घराण्यातला एक भाऊ नदीच्या अलीकडे ख्रिस्ती होऊन राहिला आणि दुसरा पलीकडे हिंदू राहिला, असंही घडलं. गंमत म्हणजे धर्म बदलला तरी जात सुटली नाही. ख्रिस्ती झालेल्या घरांमध्येही बामण आणि चार्डो असे भेद उरलेच.

सासष्टीतली चाळीस वर्षं

स्टीफन्स यांना सासष्टीत नेमलं गेलं. मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत त्यांचं बहुतेक आयुष्य तिथेच गेलं. लोक त्यांना पाद्री एस्तेव्हांव म्हणत. इथल्या भाषा त्यांनी मन लावून शिकल्या. बोलण्याची कोकणी आणि लिहिण्या-वाचण्याची मराठी, दोन्हींवर त्यांनी प्रभुत्व मिळवलं.

१५८३ हे साल सासष्टीसाठी फार रक्तरंजित ठरलं. कुंकळ्ळी गावाच्या लोकांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आधीपासूनच ठाम विरोध धरला होता. देऊळ पाडलं तरी ते पुन्हा बांधत होते. त्या जुलैत पाच जेझुइट चर्चसाठी जागा पाहायला म्हणून गावात गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होते. हे पाद्री काही काळ अकबर बादशहाच्या दरबारात राहून आलेले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. एका बाजूचे मेलेले हुतात्मे ठरले, त्यांना चर्चने धन्यत्व दिलं. दुसऱ्या बाजूच्या मेलेल्यांचं स्मारक उभं राहायला मात्र शतकं लागली. हे दोन्ही मृत्यू एकाच धड्यात शिकवायला हवेत, असं मला वाटतं.

स्टीफन्स त्या पाच जणांचे सहकारी होते. या घटनेनंतर त्यांच्या मनात राग भरला असता तर नवल नव्हतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी पॅरिसला असलेल्या रिचर्ड या भावाला जे पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांचं कौतुक आहे. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी दिसते, असं त्यांनी नोंदवलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दल विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात सांगितलं ते १७८६ मध्ये. स्टीफन्स यांच्या ध्यानात ही गोष्ट त्याच्या दोनशे वर्षं आधी आली होती.

याच वर्षी गोव्यात राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापाऱ्यांना हेर समजून तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. ते प्रॉटेस्टंट देशाचे, हे कॅथलिक. पण परमुलखात भेटलेला देशबांधव तो देशबांधवच.

पुराण का लिहिलं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. आधी देवळात पुराण सांगितलं जायचं, ओव्या म्हटल्या जायच्या, सणाला सगळे एकत्र बसून ऐकायचे. सासष्टीतल्याच केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये श्रीकृष्णाच्या चरित्रावर ओवीबद्ध ग्रंथ रचायला घेतला होता. म्हणजे ही परंपरा तिथे चांगली रुजलेली होती. पाद्र्यांनी जुनी पोथ्या-पुराणं बंद केली, पण त्या जागी काय दिलं? लॅटिन प्रार्थना आणि प्रश्नोत्तरांची पुस्तिका. त्यात ना गोष्ट होती, ना चाल.

स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथात एक प्रसंग सांगितला आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण पाद्र्यांना म्हणतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं वाचू देत नाही, तर मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काहीतरी पुराण द्या. या मागणीचं उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण.

१६१६ मध्ये रायतूर, म्हणजे आजच्या राशोल इथे हा ग्रंथ छापून निघाला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. मिळून ९५ अध्याय आणि १०,९६२ ओव्या. ज्ञानेश्वर, एकनाथ यांनी जो छंद घराघरात नेला, तोच छंद. स्वर्गाला वैकुंठ, तारणाला मुक्ती असे इथल्या ऐकणाऱ्यांच्या ओळखीचे शब्द. भाषा ग्रंथांतली मराठी, पण ऐकणाऱ्याला कळावी म्हणून जागोजागी कोकणी शब्द पेरलेले. मराठीची ती प्रसिद्ध स्तुती पहिल्याच अध्यायात येते.

सालांचा ताळा करून बघा. एकनाथ महाराजांचं निर्वाण १५९९ चं. हे पुराण छापलं गेलं तेव्हा तुकाराम महाराज, त्यांचं १६०८ हे जन्मसाल धरलं तर, आठ वर्षांचे होते. शिवाजी महाराजांच्या जन्माला आणखी चौदा वर्षं होती. म्हणजे देहू-पैठणकडे भागवत धर्माची ओवी-अभंगाची धारा वाहत होती, त्याच काळात सासष्टीतल्या चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी मराठी ओव्यांमधून येशूची कथा वाचली जात होती.

पण ग्रंथाची दुसरी बाजू झाकू नये. हे धर्मप्रसाराचं साहित्य आहे. जुने देव खोटे, जुनी पुराणं सोडा, असं सांगणारा भाग त्यात आहेच. ग्रंथ छापायला इन्क्विझिशनची परवानगी लागली होती. तरीही एटिएन द ला क्र्वा या फ्रेंच पाद्र्याच्या १६२९ च्या पीटर पुराणात हिंदू देवांवर जी कडवट टीका आहे, तिच्याशी तुलना केली तर स्टीफन्स यांचा सूर बराच मवाळ वाटतो. त्यांना वादात जिंकण्यापेक्षा गोष्ट सांगण्यात जास्त रस होता.

अक्षरांची अडचण

हा भाग मुलांना फार आवडतो. ख्रिस्तपुराण मराठी, पण छापलं गेलं रोमन लिपीत. असं का? गोव्यात १५५६ पासून छापखाना होता, भारतातला पहिला. पण देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्स यांची फार इच्छा होती की इथल्या लोकांसाठी इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही तळमळ आणि अडचण दोन्ही मांडल्या. युरोपात २४ अक्षरांत भागतं, इथे जोडाक्षरं, काना-मात्रा धरून सुमारे ६०० साचे लागतात.

वर्गात हा प्रयोग जरूर करा. फळ्यावर एक छोटं वाक्य लिहा आणि त्यासाठी किती वेगवेगळे खिळे लागतील ते मुलांना मोजायला सांगा. बाराखडीकडे बघण्याची त्यांची नजरच बदलेल.

नाइलाजाने स्वीकारलेली ही रोमन लिपी गोव्यात टिकली. आजही तिथले अनेक ख्रिस्ती लोक कोकणी रोमन लिपीत लिहितात-वाचतात. लिपीवरून तिथे जे वाद होतात, त्यांची मुळं इतकी जुनी आहेत.

कोकणीसाठीही स्टीफन्स यांनी मोठं काम केलं. त्यांची कोकणीतली धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ मध्ये आणि कोकणी व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूरलाच छापली गेली. ते व्याकरण भारतीय भाषेचं छापून निघालेलं पहिलं व्याकरण मानलं जातं.

ग्रंथाचा पुढचा प्रवास

ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. पण वारा फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या चर्चने भाषा शिकून घेतली, व्याकरण लिहिलं, पुराण छापलं, त्याच चर्चच्या राज्यात आता मायबोली गुन्हा ठरू लागली.

मग ग्रंथ वाचला कसा? सामान्य भाविकांनी वाचवला. हाताने नकला करून घरात ठेवल्या, पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या. जुलूम, दुष्काळ आणि लढायांमुळे गोव्याची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूला गेली. जाताना पोथ्या सोबत नेल्या. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेलं, तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला अशी परंपरा सांगते. एके काळी हिंदू कुटुंबं देव घेऊन नदी ओलांडून गेली होती, तशी ही कुटुंबं पोथी घेऊन गेली. दोघांनी जपली ती आपापली श्रद्धाच.

१९०७ मध्ये जे. एल. साल्ढाणा यांनी हस्तलिखितं जुळवून मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा प्रसिद्ध केलं. पुढे डॉ. जस्टिन ॲबट यांना लंडनमधल्या मार्सडन संग्रहात देवनागरीतलं एक हस्तलिखित सापडलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी हा ग्रंथ देवनागरीत आणला. म्हणजे स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला ३४० वर्षं लागली, आणि ती पुरी केली पुण्याच्या एका मराठी अभ्यासकाने.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकहो, मुलांना गोव्याचा नकाशा द्या. कुठ्ठाळी ते मंगेशी, केळशी ते कवळे, मडगाव ते जांबावली अशा रेघा ओढायला लावा. दुसऱ्या रंगाने गोवा ते मंगळूर ही रेघ ओढा. श्रद्धेमुळे माणसं कुठून कुठे गेली, ते एका नजरेत दिसेल. मोठ्या मुलांना असोळणे आणि कुंकळ्ळी यांची गोष्ट दोन्ही बाजूंनी लिहायला सांगा.

आणि पालकहो, घरात हा विषय निघाला तर अर्धीच गोष्ट सांगू नका. फक्त देवळं पाडल्याचं सांगितलं, तर वर्गात शेजारी बसणाऱ्या डिसोझा आडनावाच्या मुलाकडे आपलं मूल संशयाने बघेल. चारशे वर्षांपूर्वीच्या हुकमांचा जाब त्याला विचारणं हा निव्वळ अन्याय आहे. त्याच्या पूर्वजांनीही तेव्हा बरंच सोसलंय. उलट फक्त मराठीची स्तुती सांगितली, तर नदी ओलांडून गेलेल्या त्या माणसांचं दुःख आपण पुसून टाकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मुलांना दोन्ही पेलतात. मोठ्यांना उगाच वाटतं की त्यांना झेपणार नाही.

ज्या कुंकळ्ळीत १५८३ मध्ये एवढं रक्त सांडलं, तिथली देवी आज फातर्प्याला आहे. दर फाल्गुनात ती रंगीबेरंगी छत्र्यांच्या मिरवणुकीतून आपल्या जुन्या गावी येते. गावच्या बारा घराण्यांच्या छत्र्या असतात. गुलाल उडतो, ढोल-ताशे वाजतात आणि त्या मिरवणुकीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरीही असतात. कारण देवी फातर्प्याला गेली असली तरी गाव दोघांचंच आहे. पुढच्या वेळी फळ्यावर फादर स्टीफन्स यांचं नाव लिहाल, तेव्हा मुलांना या छत्र्यांबद्दलही सांगा.